चिरलेल्या तुराटीतलं पोळं

मी एका माणसाला चोर म्हणालो. तो चोर नव्हता. आणि तो शब्द तोंडातून निघाल्याबरोबर, तो चोर नाही हे मला कळलेलं होतं, तरी मी तो मागे घेतला नाही.

यातली पहिली दोन वाक्यं मी पुष्कळांजवळ बोललो आहे. तरुणपणी चूक झाली, असं म्हणून माणूस बरंच काही बोलू शकतो. तिसरं वाक्य मात्र माझ्या तोंडून आजवर एकदाच निघालं. आता पन्नाशी जवळ आली आहे, तेव्हा ते लिहूनही ठेवतो.

गोष्ट पन्नास सालानंतरची. मी पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजातून नुकताच बाहेर पडलो होतो. वय बावीस. माझं गाव वडगाव निंबाळकर, आणि पहिली नेमणूक मिळाली ती बारामतीहून इंदापूरकडे जाताना कालव्याच्या फाट्यावर वसलेल्या एका गावात. त्या गावाचं नाव लिहीत नाही, कारण त्यातली पुष्कळ माणसं अजून आहेत. शाळा दोन खोल्यांची, चौथीपर्यंत. हेडगुरुजी पहिली-दुसरी बघत, माझ्याकडे तिसरी-चौथी. शाळेसमोर एक मोठी कण्हेर, तिच्यापलीकडे एका म्हातारीचा कांद्याचा वाफा, मग पाट, मग ऊस आणि वांगी-दोडक्यांचे मळे.

माझ्या तिसरीच्या वर्गात एक मुलगी होती. बोलायची कमी, पण वाचायला लागली की वर्ग गप्प व्हायचा इतकी छान वाचायची. तिचा बाप गावातल्या एका बागाईतदाराचे मळे राखायचा आणि रिकाम्या वेळी मोहळं झाडून मध काढायचा. त्याच्या जातीचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. एवढंच सांगतो, की त्या जातीच्या मोठ्या माणसांना, गुन्हा केलेला असो वा नसो, पूर्वी सरकारी हजेरी असे. रोज पोलीस पाटलासमोर उभं राहायचं, पाटील वहीत नाव लिहिणार. परगावी जायचं तर चिठ्ठी घ्यायची. स्वराज्य आलं आणि तो कायदा उठला. गावाच्या जिभेवरून उठायला त्याला बराच वेळ लागला. मळे राखायला त्यालाच ठेवायचं आणि बोलता बोलता त्यालाच टोमणा मारायचा, यात कुणाला काही विचित्र वाटत नसे. सगळं गाव त्याला अरे-तुरे करी. तो माझ्या वडिलांच्या वयाचा होता. मीही त्याला अरे-तुरेच करायचो.

त्या वर्षी माघ-फाल्गुनात शाळा तपासायला डेप्युटीसाहेब येणार असा निरोप आला. गावातले लोक त्यांना दिपोटी म्हणत. मला त्यांच्यासमोर एक पाठ घेऊन दाखवायचा होता. मी मधमाशीचा विषय निवडला. फुलातलं पिवळं पीठ माशी एका फुलावरून दुसऱ्यावर कसं नेते आणि त्यामुळे फळ कसं धरतं, हे आठ-नऊ वर्षांच्या मुलांना समजेल असं शिकवायचं. माझ्या आधी त्या शाळेत कुणी असलं काही शिकवलं नव्हतं, याचा मला गर्व होता.

पंधरा दिवस आधी मी एक खेळ करून पाहिला. मुलं गोल बसली, ती सगळी फुलं. प्रत्येकाच्या तळहातावर गुळाचा खडा आणि चिमूटभर हळद. एकाला माशी केलं. माशीनं फुलापाशी जायचं, गूळ उचलायचा, बोटाला लागलेली हळद पुढच्या फुलावर टेकवायची.

“गुरुजी, ही माशी डसंल का?”

“गूळ खातीय तवर कशाला डसंल? गूळ सपला की डसंल.”

पहिली माशी चौथीतला एक जाडा मुलगा होता. तो हळदीबिळदीच्या भानगडीत न पडता नुसता गूळ खात सुटला. तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, “गुरुजी, ही माशी न्हाय, ह्यो मुंगळा हाय,” आणि सगळा वर्ग लोळला. मीही हसलो. खेळ संपल्यावर हात बघितले तर सगळ्यांचे तळवे पिवळे झालेले. त्या मुलीच्या हातावर मात्र गुळाचा खडा तसाच होता आणि तिची चिमूटभर हळद जागची हललेली नव्हती. पाच जण माशी झाले, पाचही जण तिला टाळून पुढे गेले होते. ती हात पसरून बसली होती.

“खा तो गूळ,” मी म्हणालो. त्या दिवशी मी एखाद्याला परत तिच्यापाशी पाठवायला हवं होतं. मीच माशी होऊन जायला हवं होतं. पण पाठ चांगला बसला या आनंदात मी हळद झाडायला सांगितली.

मग मी मुलांना विचारलं, की साहेबांना आणि तुम्हाला खरं पोळं दाखवायचं आहे, कुणाला ठाऊक आहे का जवळपास? नेहमी गप्प असणारी ती मुलगी म्हणाली, “आमच्या आबाला ठावं हाय.”

“मलाही ठाऊक आहे,” मी म्हणालो. खरंच ठाऊक होतं. पाटाच्या कडेला हिवराच्या झुडपात फुलोरी माशीचं एक पोळं मी पाहून ठेवलं होतं. ही बारकी माशी. हिचं पोळं एकच, तळहाताएवढं, फांदीला धरून लोंबतं. “आपण पाठाच्या दिवशी तिथे चालत जाऊ.”

“साहेब बी चालत येनार?” तिने विचारलं.

“येतील की.”

ती काहीतरी मनात धरल्यासारखी मान हलवून खाली बसली.

पाठाच्या दिवशी दिवस उगवायला मी हिवराकडे जाऊन आलो. फांदी कापलेली होती. कोयत्याचा एकच साफ घाव. पोळं नाही, माशी नाही. मी तसाच चडफडत शाळेकडे आलो आणि कण्हेरीपाशी थबकलो. माझं पोळं कण्हेरीला टांगलेलं होतं. पण निम्मंच. वरचा, मधाने भरलेला भाग कापून नेलेला. खालचा भाग एका उभ्या चिरलेल्या तुराटीच्या, म्हणजे तुरीच्या वाळक्या काडीच्या, दोन फाकांमध्ये चिमटून, दोन्ही टोकांना घायपाताच्या वाखाने बांधून, फांदीला अडकवलेला. त्यावर माश्या एकमेकींना धरून काळ्या गोळ्यासारख्या बसल्या होत्या. मला ते एखाद्या जनावराला फासात अडकवून ठेवल्यासारखं दिसलं.

गावातली मोठी पोरं तेव्हा मला चिडवायची. मी पाटावरून चाललो की मागून “माशीमास्तर” अशी हाक यायची. मला वाटलं, त्यांनीच मध खाल्ला आणि माझी फजिती करायला उरलेलं शाळेसमोर टांगलं. त्यात साहेबांचा टांगा दिसायला लागला. विचार करायला वेळ नव्हता असं मी पुढे कित्येक दिवस स्वतःला सांगायचो. वेळ होता. टांगा यायला अजून पाऊण घटका होती, आणि तेवढ्या वेळात मी ठरवलेल्या पाठाला एक नवी धार लावून घेतली.

पाठ चांगलाच रंगला. हळद, गूळ, फुलं, माशी. साहेबांनी दोनदा मान डोलावली. शेवटी मी मुलांना कण्हेरीपुढे अर्धवर्तुळात उभं केलं आणि हात करून म्हणालो, “हे बघा. माशीने फुलाफुलातून गोळा केलेलं, आपल्या पिलांसाठी साठवलेलं. आपण तिला काय दिलं? एका चोराने रातोरात तिचं घर लुटलं आणि मोडकं घर इथे टांगून गेला. माशी आपल्याला फळ देते, बी देते. आणि चोर काय देतो?”

“वा,” साहेब हळूच म्हणाले.

तेवढ्यात त्या मुलीचा हात वर गेला. सगळी मुलं माझ्याकडे बघत होती, ती पोळ्याकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर हसू होतं. आपल्या घरातली वस्तू दुसऱ्याच्या घरी मांडलेली दिसावी तसं हसू. आधी मला वाटलं तिला काही कळलं नाही. आणि मग, हात तसाच वर असताना, ते हसू गेलं. चोर हा शब्द तिच्यापर्यंत तेव्हा पोचला.

त्या क्षणी मला कळलं. ‘आमच्या आबाला ठावं हाय.’ ‘साहेब बी चालत येनार?’ कोयत्याचा साफ घाव, नीट बांधलेला वाख. असलं काम टवाळ पोरांचं नसतं. सगळं एका जागी आलं. का बांधलं, कसं जगतं, हे मला ठाऊक नव्हतं. पण कुणी बांधलं आणि कुणासाठी, हे मला कळलं होतं.

साहेब म्हणाले, “गुरुजी, ती मुलगी काही सांगते आहे.”

मी म्हणालो, “साहेब, ती अभ्यासात जरा मागे आहे.” आणि हाताने तिला खाली बसायची खूण केली. सगळे उभे होते. बसायला जागा नव्हती. तरी ती तिथेच मातीत बसली.

साहेबांना पोळ्याची धास्ती वाटत होती. “हे काढून टाका एवढं. एखाद्या मुलाला डसायचं,” ते म्हणाले. मी गोणपाटाच्या तुकड्याचा धूर केला, काठीने पोळं पाडलं आणि वहाणेने चिरडलं. घराघरातून पांढरी पिलं बाहेर आली. ज्या मुलांना मी पंधरा दिवस माशी आपली मैत्रीण आहे असं शिकवलं होतं, ती सगळी तिथे उभी राहून बघत होती. उडालेल्या माश्या दोन दिवस कण्हेरीच्या त्या उघड्या फांदीवर येऊन बसत होत्या. मग नाहीशा झाल्या.

जाण्याआधी साहेबांनी शेरेबुकात लिहिलं. शाळा पाहून झाल्यावर अधिकारी ज्या वहीत शेरा लिहितात, ते हे बुक. मी ते त्या संध्याकाळी चार वेळा वाचलं.

ती मुलगी आणखी दोन दिवस शाळेत आली. पहिल्या दिवशी मधल्या सुटीत मी खोलीत डबा खात होतो, तेव्हा बाहेरून ऐकू आलं, “गूळ झाका रं, मधचोराची आली.” मी ऐकलं आणि भाकरी खात राहिलो. तिसऱ्या दिवशी ती आली नाही. ती त्या शाळेत किंवा दुसऱ्या कुठल्या शाळेत पुन्हा बसली नाही. हे आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे पुढे काही गोड होईल अशी आशा वाचणाऱ्याला लागायला नको.

चार दिवसांनी बागाईतदार पाटावर भेटले. त्यांचा मुलगा माझ्याच वर्गात होता. मोठ्या आदराने म्हणाले, “गुरुजी, बरं झालं तुमी सांगितलं. मी त्याला मळ्यावरनं काढला.”

“मी कुणाचं नाव घेतलं नव्हतं,” मी म्हणालो.

“नाव कशाला घ्याय पायजे? गावात मोहळं झाडनारा दुसरा कोन हाय? आन साहेबानं बुकात लिवून बी घेतलं म्हनं.”

“अहो, पण मळ्यातलं कधी काही गेलं का?”

“आजवर न्हाय गेलं. पर आता गुरुजीच म्हनत्यात म्हनल्यावर...” ते हसले. मी त्यांना तिथेच थांबवून खरं सांगू शकलो असतो. ते माझं ऐकणारे होते. तेवढ्यासाठीच तर त्यांनी त्याला काढलं होतं. मी म्हणालो, “बघा बुवा, तुमचं तुम्ही,” आणि वाटेला लागलो.

पुढच्या आठवड्यात ते कुटुंब गाव सोडून गेलं.

वैशाखात शाळेपुढची म्हातारी वाफ्याच्या कडेला बसून कांद्याचे वाळलेले गोंडे बडवत होती. ती दर वर्षी कांद्याचं बी धरायची. उत्तम कांदे पुन्हा पुरायचे, त्यांना दांडे येतात, दांड्यांवर पांढऱ्या फुलांचे गोंडे, आणि गोंड्यात काळं बी. मी सावलीला टेकलो. तिने सुपात फुंकर मारली. फोलपटं पुष्कळ उडाली.

“यंदा गोंडं पोकळ,” ती म्हणाली.

“ऊन फार होतं,” मी म्हणालो.

“ऊन दर साली असतंय. माश्या न्हवत्या.” मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “तुमीच शिकीवलं की पोरांना. माशी आली की बी भरतंय. माझा नातू घरी येऊन सांगत व्हता, हाताला हळद लावून. म्या म्हनलं, बाळा, ह्ये गुरुजीला आता कळलं, राखणदाराला कवाच ठावं हाय.”

“त्यो कवा पोळं नासवायचा न्हाय, गुरुजी. मध कापून घ्यायचा, पिलांचा भाग चिरल्या तुराटीत धरायचा, आन माझ्या बांधाला आणून टांगायचा. माश्या पिलं सोडून जात न्हाईत. चार दिसांत मेणानं पोळं चिकटवत्यात, म्हैन्याभरात पुन्हा मध. त्याला मध, मला बी. दर साली दोन-तीन तरी बांधायचा.” तिने सूप खाली ठेवलं. “ते कण्हेरीचं पोरीनं बांधाय लावलं व्हतं त्याला. साहेबाला पाटापत्तोर चालाय जड व्हईल म्हनून. आदल्या दिशी दिवस मावळताना बांधून गेला. मलाच म्हनला, म्हातारे, पोरास्नी जवळनं बघू दे.”

“मला ठाऊक नव्हतं,” मी म्हणालो.

तिने तेव्हा माझ्याकडे बघितलं. “तुराटीचं ठावं नसंल,” एवढंच म्हणाली आणि पुन्हा गोंडे बडवायला लागली.

त्या साली बी पोकळ निघालं ते माश्या नव्हत्या म्हणूनच, असं मी ठामपणे म्हणत नाही. वारंही वाईट होतं. पण म्हातारीने ‘तुराटीचं’ असं निवडून म्हटलं, त्याचा अर्थ मला बरोबर समजला. तिचा नातू वर्गात होता. त्याने घरी जाऊन त्या वर गेलेल्या हाताबद्दलही सांगितलं असणार.

तरी मी वर्षभर काही केलं नाही. निमित्तं पुष्कळ होती. ते कुठे गेले ठाऊक नाही. आता सांगून काय फरक पडणार. नोकरी कायम व्हायची आहे. ते कुठे गेले हे म्हातारीला विचारलं असतं तर एका वाक्यात कळलं असतं. मी कण्हेरीच्या बाजूने जाणं सोडून दिलं आणि शाळेत मागच्या बाजूने यायला लागलो.

पुढच्या माघात पुन्हा तपासणीचा निरोप आला. हेडगुरुजी खुशीत म्हणाले, “तुम्ही तोच मधमाशीचा पाठ घ्या. साहेबांना फार आवडला होता. त्या चोरासकट घ्या.”

मी घेतो म्हणालो. संध्याकाळी खोलीवर हळदीची पुडी सोडली, पाठाचं टाचण काढायला बसलो, आणि मला एक ओळही लिहिता येईना. त्या पाठाचा शेवट मी मनानेच रचलेला होता. तो काढून टाकला तर साहेब विचारणार, ठेवला तर तो माणूस दुसऱ्यांदा चोर होणार. दुसऱ्या दिवशी मी म्हातारीकडे गेलो.

“डाळजला हाय त्यो,” ती म्हणाली. “बायकोच्या भावाकडं. वरीस लागलं व्हय तुमाला इचारायला?”

रविवारी मी सायकल मागून घेतली आणि बारामतीवरून भिगवणच्या वाटेने डाळजला गेलो. गावाबाहेर तो एका झोपडीपुढे वाख वळत बसला होता. मुलगी शेळ्या घेऊन बांधावर उभी होती. मला बघून ती जवळ आली नाही. तो उठून उभा राहिला, आणि मी काही बोलायच्या आधी त्याने विचारलं, “गुरुजी, माझं नाव लिवलंय का त्यात?”

मला आधी समजलंच नाही.

“साहेबाच्या बुकात. चोर म्हनून. हजेरी सुटून कुठं चार वर्सं झाल्याती. माझा बाप हजेरीत म्येला. पुन्हा नाव चढलं म्हनल्यावर हितल्या पाटलाकडं कागद यायचा. वरीसभर वाट बघतोय मी त्या कागदाची.”

वर्षभर तो या धाकात होता. मी शेरा चार वेळा वाचून खूष झालो होतो, आणि त्याच ओळींची हा माणूस इतक्या लांब बसून वाट बघत होता. कुणाचा पायरव ऐकू आला की कागद आला, असं त्याला वाटत होतं.

“नाव नाही त्यात,” मी म्हणालो. “मी सांगतो ना.”

“तुमी सांगताय,” तो म्हणाला. आवाज चढला नव्हता. “तुमी तवा बी सांगितलं व्हतं.”

मी खाली बघितलं. “माझं चुकलं,” म्हणालो. “मी माफी मागायला आलोय. तुमची.” त्याला तुम्ही म्हणण्याची माझी ती पहिली वेळ.

त्याने वाखाचा पीळ सोडला नाही. म्हणाला, “हितं कशापायी, गुरुजी? हितं कुनी आयकलं व्हतं? शेरडास्नी सांगताय व्हय माफी?”

बांधावरून ती मुलगी हसली. एकदाच, आणि तोंड फिरवून. तिच्या बापालाही थोडं हसू आलं असावं. मला मात्र तो काय मागतो आहे हे दिसायला लागलं होतं.

“मला त्ये पान दावा,” तो म्हणाला. “मला वाचता येत न्हाय. पोरगी वाचंल. पोरांम्होरं म्हनला व्हता, पोरांम्होरंच वाचू दे.”

शेरेबुक शाळेबाहेर न्यायची परवानगी नसते. तेव्हा त्यांनीच यायचं ठरलं. हेडगुरुजींना मी चूक झाल्याचं आणि ते दोघं पान बघायला येणार असल्याचं सांगितलं. ते तपकिरीची डबी बोटांत फिरवत राहिले. “नोकरी कायम व्हायचीय तुमची,” म्हणाले. मग म्हणाले, “कपाटाची किल्ली खुंटीला आहे. मी त्या दिवशी बारामतीला जाणार आहे.” एवढी मदत त्यांनी केली.

ते दोघं बुधवारी आले. तो उंबऱ्याबाहेर, वहाणा काढून उभा राहिला. “आत या, आबा,” मी म्हणालो. तो आत आला, पण भिंतीला टेकून उभाच राहिला. मागल्या वर्षीची तीच मुलं आता चौथीत बसली होती. बागाईतदारांचा मुलगा पुढच्या रांगेत, म्हातारीचा नातू खिडकीपाशी. मागल्या वर्षी जी तिसरीत त्यांच्यात बसायची, ती आता डोक्यावर पदर घेतल्यासारखं फडकं घेऊन माझ्या टेबलाशी उभी होती. मी पान काढून दिलं.

ती अडखळली. वर्षभरात तिच्या हाती छापील अक्षर आलं नव्हतं, आणि साहेबांचं अक्षर किरटं. पूर्वी ती असं कधी अडखळायची नाही. बोटाने एकेक शब्द धरत तिने वाचलं, “मध-माशीचा पाठ उत्तम झाला. पोळे लुट-णाऱ्या चोराचा दाखला प्रत्यक्ष दाख-वून, विषय मुलांच्या मनावर चांगला ठस-वला.”

“नाव?” तिच्या बापाने विचारलं.

तिने पुन्हा एकदा वरून खाली बोट फिरवलं. पान उलटून मागेही पाहिलं. “न्हाय, आबा.”

त्याने डोळे मिटले, उघडले. खांदे थोडे खाली आले. जायला वळेल असं मला वाटलं. मनातून, खोटं का सांगू, तसंच व्हावं असंही वाटलं. पण तो वळला नाही. वर्गाकडे बघत त्याने मला विचारलं, “मग गुरुजी, चोर कुनाला म्हनला व्हता?”

मी टेबलाच्या पुढे येऊन उभा राहिलो.

“मुलांनो,” मी म्हणालो, “मागल्या साली साहेबांपुढे मी जे सांगितलं ते खोटं होतं. पोळं कुणी चोरलं नव्हतं. आबांनी ते तुम्हाला जवळून बघता यावं म्हणून आणून बांधलं होतं. त्यातल्या माश्या जगणार होत्या, त्यांची पिलं मी मारली. या मुलीने ते सांगायला हात वर केला होता. ती काय सांगणार आहे हे मला कळलं होतं, आणि कळलं म्हणूनच मी तिला खाली बसवलं. ती अभ्यासात मागे आहे असं साहेबांना म्हणालो, तेही खोटं. वर्गात तिच्याइतकं चांगलं कुणी वाचत नव्हतं. आबा, मी तुम्हाला चोर म्हणालो. तुम्ही चोर नाही, हे शब्द तोंडातून निघाल्याबरोबर मला कळलं होतं, तरी मी तो मागे घेतला नाही. मला माफ करा. आणि पोरी, तुझीही माफी मागतो.”